अध्यापक आणि कंटेंट डेव्हलपर यांनी मिळून ऑनलाइन अभ्यासक्रम कसा तयार करावा

सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयांत आणि प्रशिक्षण संस्थांत ऑनलाइन अभ्यासक्रमाचे काम बहुधा एकाच पद्धतीने सुरू होते. विषय शिकवणारे सर किंवा मॅडम आपली पीपीटी आणि टिपणे पेनड्राइव्हमध्ये घालून संगणक विभागातील एखाद्या तरुण सहकाऱ्याकडे, म्हणजेच कंटेंट डेव्हलपरकडे, सोपवतात, ‘एवढं ऑनलाइन करून द्या’ असे सांगतात आणि मग दोघेही आपापल्या कामाला लागतात. काही आठवड्यांनी जे हाती येते ती तीच पीपीटी असते. फक्त तिच्यामागे आवाज जोडलेला असतो. यात कोणी कामचुकारपणा केलेला नसतो. पीपीटीत मुद्दे असतात. मात्र तो मुद्दा पटावा म्हणून वर्गात दिलेले उदाहरण, मुले कुठे हमखास चुकतात याचा अंदाज आणि ‘इथे जरा थांबा’ असे म्हणून केलेला खुलासा हे सगळे अध्यापकाच्या बोलण्यात असते, कागदावर ते उतरलेले नसते. हे न लिहिलेले ज्ञान बाहेर काढणे, ते पडद्यावर बसवणे आणि बसवताना त्यात काही बिघडले नाही ना हे त्याच अध्यापकाकडून तपासून घेणे, एवढ्याचसाठी दोघांनी एकत्र काम करायचे असते. पुढील सर्व सूचनांचा रोख त्यावरच आहे.

या कामाला आता संस्थात्मक महत्त्वही आले आहे. केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थ्याला या मार्गाने पूर्ण करता येतात. ‘स्वयम’च्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चामंच असे चार भाग अपेक्षित असतात. आपला अभ्यासक्रम तेथे जाणार नसून महाविद्यालयाच्या स्वतःच्या मूडलवरच (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या संगणक प्रणालीवरच) राहणार असला, तरी हा चौकोन डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरते, कारण त्यामुळे व्हिडिओ म्हणजेच अभ्यासक्रम हा गैरसमज आरंभीच दूर होतो.

विवेचन हवेत राहू नये म्हणून तासगाव-मिरज भागातील तरुण द्राक्ष उत्पादकांसाठी बेदाणा निर्मितीचा एक लहान अभ्यासक्रम तयार करायचा आहे असे धरून चालू. हीच पद्धत वाणिज्य शाखेतील परिव्यय लेखांकनालाही (कॉस्ट अकाउंटिंगलाही) तितकीच लागू पडते.

निर्णय कोणाचा, हे आधी लिहून घ्यावे

पहिल्या बैठकीत विषयावर बोलण्याआधी अधिकारांवर बोलावे. मजकूर बरोबर की चूक, हा निर्णय अध्यापकाचा. तो मजकूर व्हिडिओत जाईल, आकृतीत जाईल की सरावप्रश्नात, त्याची लांबी किती असेल आणि पडद्यावर आधी काय दिसेल, हा निर्णय कंटेंट डेव्हलपरचा. तारखा ठरवणे, त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणे आणि दोघांचे न पटल्यास तोडगा काढणे हे तिसऱ्या व्यक्तीचे म्हणजे समन्वयकाचे काम. आपल्याकडे समन्वयक नेमायचे टाळतात किंवा ते पद विभागप्रमुखांच्या नावावर लिहून मोकळे होतात. मग दोघांत वयाचे आणि हुद्द्याचे अंतर असल्यामुळे डेव्हलपरला पटलेले नसतानाही तो ‘बरं सर’ म्हणतो आणि चाळीस मिनिटांचा व्हिडिओ तसाच वर चढतो. निर्णयांची वाटणी एका पानावर लिहून तिघांनी त्यावर सह्या केल्या, की ‘सर, लांबीचं माझ्याकडे आहे’ असे म्हणणे धाकट्यालाही अवघड जात नाही.

याच बैठकीत अध्यापकाच्या वेळेचा प्रश्न सोडवावा. तास, पेपर तपासणी आणि नॅकची कागदपत्रे सांभाळून उरलेल्या वेळात अभ्यासक्रम तयार होत नाही. प्राचार्यांनी वेळापत्रकातील काही तास अधिकृतपणे कमी करून द्यावेत. ते शक्य नसेल तर अभ्यासक्रमच लहान करावा. मोठा संकल्प करून अर्ध्यावर थांबण्यापेक्षा चार घटकांचा पूर्ण झालेला अभ्यासक्रम केव्हाही बरा.

वेळापत्रक आखताना हंगाम पाहावा. बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असा असतो आणि तो हुकला तर द्राक्षे वाळवण्याच्या शेडवरचे चित्रीकरण वर्षभर लांबते. त्यामुळे संहिता पक्की झाल्याशिवाय कॅमेरा काढू नये हा एरवी योग्य असलेला नियम येथे मोडावा लागतो आणि डिपिंग (घड रसायनांच्या द्रावणात बुडवणे), रॅकवर माल पसरणे, प्रतवारी यांची दृश्ये आधी टिपून ठेवावी लागतात. ध्वनिमुद्रणासाठी मात्र पावसाळा टाळावा. वाई-महाबळेश्वरच्या बाजूला जुलैत पत्र्याच्या छताखाली मुद्रण करणे व्यर्थ आहे, आणि गणपतीच्या दिवसांत ते कोणत्याच गावात जमत नाही.

प्रश्न आधी, मजकूर नंतर

अभ्यासक्रमाची उद्दिष्टे लिहिताना ‘बेदाणा निर्मितीची माहिती मिळेल’ अशा वाक्यावर समाधान मानू नये. त्या वाक्यावरून परीक्षाही घेता येत नाही आणि व्हिडिओही करता येत नाही. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली आणि २००१ मध्ये सुधारलेली उद्दिष्टांची श्रेणी शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. तिचा व्यवहारातला उपयोग इतकाच, की शिकणारा शेवटी काय करून दाखवील ते क्रियापदात लिहायचे: दिलेल्या क्षमतेच्या टाकीसाठी द्रावण तयार करील, वाळलेला माल काढण्याजोगा झाला आहे का ते ओळखील, मालाची प्रत लावील. अशी पाच-सहा वाक्ये तयार झाली, की मजकुराकडे न वळता प्रत्येक वाक्यासाठी अध्यापकाने एक प्रश्न लिहावा.

येथे जरा तपशिलात जाणे उपयोगी ठरेल. डिपिंगसाठी लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट हे प्रमाण वापरले जाते. २०० लिटर द्रावणाला किती लागेल, असा प्रश्न काढला तर उत्तर ५ किलो आणि ३ लिटर असे येते. कंटेंट डेव्हलपर एकटाच हा प्रश्न तयार करील तेव्हा चुकीचे पर्याय म्हणून मनाला येतील ते आकडे टाकील. अध्यापकाला मात्र मुले कशी चुकतात ते ठाऊक असते. पावडर आणि तेल यांची अदलाबदल करणारा ३ किलो आणि ५ लिटर म्हणेल. दशांशचिन्ह सरकवणारा ५०० ग्रॅम आणि ३०० मिलिलिटर म्हणेल. सवयीने १०० लिटरचाच हिशेब करणारा अडीच किलो आणि दीड लिटर म्हणेल. पर्याय असे निवडले की चुकलेल्या प्रत्येकाला त्याच्या चुकीला धरून प्रतिसाद देता येतो. हा प्रतिसाद डेव्हलपरने लिहावा, अध्यापकाने तपासावा. ‘उत्तर चूक आहे, पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य अभ्यासक्रमात कोठेही राहू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून शिकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

प्रश्न आधी तयार केल्याने आणखी एक गोष्ट साधते. कोणत्या मजकुराची गरज नाही हे आपोआप उघडे पडते. द्राक्षाचा जागतिक इतिहास सांगणारी स्लाइड कोणत्याच प्रश्नाला उपयोगी पडत नसेल, तर ती वाचनसाहित्यात जावी किंवा गळावी. आवडती स्लाइड काढली म्हणून अध्यापकाला वाईट वाटते, पण प्रश्नांची यादी समोर असली की हा वाद व्यक्तींमधला राहत नाही.

अध्यापकाला बोलते करणे

कंटेंट डेव्हलपरला विषय येत नसेल तर ती उणीव समजू नये. शिकणाऱ्यालाही तो येत नसतो, म्हणून जे प्रश्न शिकणाऱ्याच्या मनात येतील ते विचारण्याची पात्रता चमूत फक्त त्याच्याकडेच असते. प्रत्येक घटकासाठी दोघांनी तासभर बसावे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवावे आणि डेव्हलपरने पीपीटी बाजूला ठेवून विचारत जावे. बेदाण्याच्या बाबतीत हे संभाषण साधारण असे होईल:

‘सर, घड त्या द्रावणात बुडवल्यावर नेमकं काय होतं?’

‘द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो, तो आतलं पाणी धरून ठेवतो. द्रावणानं तो थर सैल होतो, म्हणून मणी लवकर वाळतो.’

‘मग एकाच टाकीत दिवसभर बुडवत राहिलं तर?’

‘छे! द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, उतरत जातो. तो अकराच्या आसपास राहायला पाहिजे. मधनंमधनं तपासावं लागतं, ताजं द्रावण घालावं लागतं.’

‘हे पीपीटीत कुठंच नाही.’

‘ते काय लिहायचं? ते तर आपण वर्गात सांगतोच.’

शेवटचे उत्तर ऐकू आले की मुलाखत योग्य दिशेने चालली आहे असे समजावे. ‘का’, ‘नाही केले तर’, ‘कसे ओळखायचे’ आणि ‘मुले येथे काय चुकतात’ हे चार प्रश्न डेव्हलपरने कोणत्याही विषयात पुनःपुन्हा विचारावेत. अध्यापकानेही ‘हे तर सोपे आहे’ म्हणून पुढे जाऊ नये.

या मुद्रणावरून संहितेचा पहिला खर्डा डेव्हलपरने लिहावा. काही ठिकाणी अध्यापकानेच संहिता लिहावी असा आग्रह असतो. माझा अनुभव असा की लिहायला बसले की बहुतेक अध्यापक पाठ्यपुस्तकाच्या भाषेत शिरतात आणि बोलण्यातला जिवंतपणा निघून जातो. संहितेचे पान उभ्या दोन रकान्यांत विभागावे: डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. जे ऐकू येते तेच शब्दशः पडद्यावर लिहिलेले असेल तर एक रकाना वाया गेला असे समजावे. खर्डा झाल्यावर अध्यापकाने तो मोठ्याने वाचून पाहावा आणि जेथे जीभ अडखळेल तेथे वाक्य बदलावे. सांगलीच्या सरांनी सांगलीच्याच ढंगात बोलावे. प्रमाणभाषेची शिस्त वाचनसाहित्यात पाळली म्हणजे पुरे.

लांबीबाबत एक आधार हाताशी असावा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ सर्वाधिक लक्षपूर्वक पाहिले जातात, असे आढळले. सहा हा आकडा काही मंत्र नव्हे, आणि तो अभ्यास आपल्याकडच्या मराठी विद्यार्थ्यांचा नव्हता. तरीही एका व्हिडिओत एकच उद्दिष्ट ठेवले की लांबी आपोआप त्याच घरात येते. संथ, समजेल अशा मराठीत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलून होतात, त्या हिशेबाने संहिता सहाशे-सातशे शब्दांपलीकडे गेली की ती दोन भागांत तोडावी.

एक घटक पूर्ण करून मगच पुढे

सर्व घटकांची संहिता लिहून मग सर्वांचे चित्रीकरण, मग सर्वांचे संपादन, असा क्रम लावू नये. आधी एकच घटक व्हिडिओ, वाचन, प्रश्न आणि चर्चेचा विषय यांसह पूर्ण तयार करावा, तो मूडलवर चढवावा आणि अध्यापक, समन्वयक व दोन-चार विद्यार्थी यांनी तो मोबाइलवर पाहावा. रंग, अक्षरांचा आकार, आवाजाची पातळी, प्रश्नांची पद्धत यांबाबतचे सर्व वाद या एका घटकावर मिटवून घ्यावेत आणि जे ठरले ते लिहून ठेवावे. नंतरचे घटक याच साच्यात भराभर बसतात.

मराठी अभ्यासक्रमात येथे एक तांत्रिक अडथळा हटकून येतो. अध्यापकांची जुनी टिपणे कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतात आणि ती युनिकोडमध्ये आणताना रफार, जोडाक्षरे आणि आकडे बिघडतात. रूपांतर करणारे साधन वापरले तरी परिणाम नजरेखालून घालावा लागतो, विशेषतः रसायनांची नावे आणि प्रमाणे. कारण तेथे एक आकडा बदलला तर नुकसान शेतकऱ्याचे होते. ही तपासणी अध्यापकावर टाकू नये. डेव्हलपरने मूळ छापील पान शेजारी ठेवून ती करावी आणि शंका आलेल्या जागा तेवढ्या अध्यापकाला दाखवाव्यात. फॉन्ट निवडताना त्यातील ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात का, हेही पाहून घ्यावे.

पारिभाषिक शब्दांची यादी पहिल्या घटकापासूनच ठेवावी, म्हणजे एका व्हिडिओत ‘सामू’ आणि दुसऱ्यात ‘पीएच’ असे होत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ही दोन्ही साधने आता संगणकावर उपलब्ध आहेत. विश्वकोशाचे काम तर सातारा जिल्ह्यातच, वाईला उभे राहिले. नोंद विषयतज्ज्ञाने लिहायची आणि संपादकांनी ती एकसूत्री करायची ही तेथील रीत आपल्या कामाला जवळची आहे. शेडवर मात्र इथाइल ओलिएटला ‘डिपिंग ऑइल’ हाच शब्द चालत असेल तर तोच ठेवावा आणि रासायनिक नाव एकदा सांगून पुढे जावे.

साधनांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मूडल २००२ पासून विनामूल्य आणि मुक्तस्रोत स्वरूपात मिळते, परस्परसंवादी प्रश्नांसाठी एचफाइव्हपी त्यात जोडता येते, आणि एवढ्यावर बहुतेक महाविद्यालयांचे काम भागते. प्रत्येक व्हिडिओला मराठी उपशीर्षके द्यावीत. संगणकाने आपोआप तयार केलेली उपशीर्षके विषयाच्या शब्दांवर अडखळतात, पण संहिता आधीच लिहिलेली असल्याने तीच वेळेनुसार बसवता येते.

तपासणीच्या फेऱ्या

दोघांचे संबंध बिघडतात ते बहुधा याच टप्प्यावर. अध्यापक एक सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेशातून देतात, दुसरी जिन्यात भेटल्यावर सांगतात, तिसरी मुद्रित प्रतीवर पेन्सिलने लिहितात, आणि डेव्हलपरच्या संगणकावर ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘फायनल-सरांचे’ अशा फायली जमत जातात. उपाय साधा आहे: सर्वांना दिसेल अशी एकच ऑनलाइन तक्ताफाइल ठेवावी आणि त्यात न नोंदवलेली सूचना अस्तित्वातच नाही असे मानावे. प्रत्येक नोंदीत व्हिडिओचे नाव, मिनिट-सेकंद, काय बदलायचे आणि सूचनेचा प्रकार एवढे असावे.

प्रकार तीनच. पहिला, माहितीची चूक: ती निमूटपणे दुरुस्त करायची. दुसरा, समजण्यात अडचण: येथे अध्यापकाने अडचण सांगायची आणि उपाय डेव्हलपरने सुचवायचा. तिसरा, आवडीनिवडीचा: पार्श्वभूमी निळी असती तर बरे, अशा स्वरूपाचा, तो पुढील आवृत्तीसाठी राखून ठेवायचा. सूचनेपुढे प्रकार लिहावा लागला की तिसऱ्या प्रकारच्या सूचना आपोआप कमी होतात, असे दिसते. फेऱ्या दोनच ठेवाव्यात: एक संहितेवर, एक तयार व्हिडिओवर. संहितेवर मनापासून वेळ द्यावा, कारण तेथील दुरुस्तीला दोन मिनिटे लागतात आणि तीच दुरुस्ती मुद्रणानंतर निघाली तर सरांना पुन्हा तोच शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसावे लागते.

हक्क आणि परवानग्या

हा विषय काम संपल्यावर काढला की कटुता येते, म्हणून तो पहिल्या पानावरच असावा. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क सामान्यतः मालक संस्थेकडे जातो. बाहेरून मानधनावर घेतलेल्या लेखकाचे तसे नसते. त्याच्याकडून हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात, आणि त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते. अध्यापकाने संस्था सोडल्यावर त्याचा चेहरा आणि आवाज वापरला जाईल का, पुढील आवृत्तीत त्याचे नाव राहील का, डेव्हलपरचे नाव कोठे येईल, हेही त्याच कागदावर लिहावे. डेव्हलपरचे नाव टाकायचे राहून जाते ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे आणि ती शोभणारी नाही.

पाठ्यपुस्तकातील आकृती किंवा इंटरनेटवरील छायाचित्र वर्गात दाखवले म्हणून ते खुल्या अभ्यासक्रमात चालेलच असे गृहीत धरू नये. आकृती नव्याने काढावी, छायाचित्र स्वतः घ्यावे किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालील घेऊन श्रेय नोंदवावे. शेडवर काम करणाऱ्या महिलांचे चित्रीकरण करताना केवळ शेडमालकाची परवानगी पुरत नाही. ज्या दिसणार आहेत त्यांना ते कशासाठी आहे हे सांगून त्यांची संमती घ्यावी आणि नको म्हणाल्या तर फक्त हात आणि क्रेट दिसतील अशी चौकट लावावी.

सुरू झाल्यानंतर

पहिल्या तुकडीला अभ्यासक्रम खुला करताना चर्चामंचावर कोण उत्तर देणार ते नावानिशी ठरवावे. विषयाचे प्रश्न अध्यापकाकडे, ‘व्हिडिओ उघडत नाही’ हे डेव्हलपरकडे, आणि दोन दिवसांत उत्तर गेले नाही तर समन्वयकाने फोन करावा. तुकडी संपल्यावर दोघांनी मूडलमधील प्रश्नांचे निकाल घेऊन बसावे. एखाद्या प्रश्नात बहुतेकांनी एकच चुकीचा पर्याय निवडलेला असेल तर दोष बहुधा शिकणाऱ्यांचा नसून व्हिडिओचा किंवा प्रश्नाच्या शब्दरचनेचा असतो. द्रावणाच्या प्रश्नात निम्मी मुले अडीच किलो म्हणत असतील, तर व्हिडिओतले उदाहरण १०० लिटरचे होते का, ते आधी तपासावे.

दरवर्षी हंगामाआधी अध्यापकाने प्रमाणे, रसायने आणि बाजारातील प्रतवारी यांविषयीचे घटक नजरेखालून घालावेत. बदल सोपे व्हावेत म्हणून बदलती माहिती व्हिडिओत न बोलता वाचनसाहित्यात ठेवावी आणि व्हिडिओत ‘यंदाचे प्रमाण खालील तक्त्यात पाहा’ एवढेच म्हणावे. संहिता, मूळ ध्वनिमुद्रणे, संपादनाच्या फायली, शब्दयादी आणि प्रश्नपेढी हे सर्व संस्थेच्या खात्यावर ठेवावे, कोणाच्या खासगी लॅपटॉपवर नव्हे. कारण कंटेंट डेव्हलपर चांगली नोकरी मिळताच पुण्याला जातो, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला नुसता तयार व्हिडिओ देऊन त्यातले एक वाक्यही बदलता येत नाही.